भाजीच्या रॅकपाशी माणूस उभा करा: सुपरमार्केटनं शेतकरी बाजाराकडून काय घ्यावं, कसं घ्यावं

१९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. तोवर किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहून यादी सांगायचं आणि पलीकडचा नोकर एकेक वस्तू काढून द्यायचा. सॉन्डर्स यांनी ही पद्धतच मोडली. टोपली उचला, आत फिरा, हवं ते स्वतः घ्या आणि बाहेर पडताना पैसे द्या. पगारावरचा खर्च वाचला, भाव उतरले आणि ही रीत जगभर पसरली.

डबाबंद मालाला ती चपखल बसली, कारण डबा स्वतःबद्दल सगळं सांगतो: नाव, वजन, घटक, तारीख. कोबीचा गड्डा काहीच सांगत नाही. तो कधी कापला, किती दिवस गाडीत होता, आज शिजवावा की चार दिवस चालेल, हे सांगायला माणूस लागतो. सुपरमार्केटनं त्या माणसाला काढलं आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही. फळावर चार आकडी कोडचा स्टिकर असतो खरा (केळ्याचा ४०११), पण तो बिल करणाऱ्यासाठी आहे, खाणाऱ्यासाठी नाही.

शेतकरी बाजारात तो माणूस अजून मालाशेजारी उभा आहे. मला वाटतं, त्या बाजाराची सगळी ताकद यातच आहे. लाकडी खोकी, खडूनं लिहिलेल्या पाट्या, गोणपाट हे सगळं वरवरचं. तेवढंच उचलून आणलेली दुकानं तुम्हीही पाहिली असतील: खोकं लाकडाचं आणि आत तोच आठवड्यापूर्वीचा माल. हा लेख त्या खोक्यांबद्दल नाही. एखाद्या दुकानाच्या भाजीविभागाची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर कामाला कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमानं पुढं जायचं, ते इथं मांडतो.

आधी बाजारात जाऊन उभे राहा

काही विकत घ्यायला नाही, बघायला जा. बाजार मांडायच्या आधी पोचा आणि आवरेपर्यंत थांबा. फक्त मधली गर्दीची वेळ पाहिली तर अर्धंच कळतं.

सुरुवातीला बघा की माल कशातून येतो. बहुतेक वेळा ज्या टोपलीत तोडला, त्याच टोपलीत तो विकला जातो, म्हणजे हात फार कमी वेळा लागतो. तुमच्याकडे तोच माल शेतातून प्रतवारीला, मग पेटीत, मग गोदामात, मग रॅकवर आणि शेवटी ग्राहकांच्या चिवडण्यात जातो. मऊ फळाला प्रत्येक वेळी थोडा मार बसतो आणि तो डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

मधल्या वेळात कान उघडे ठेवा आणि लोक काय विचारतात ते वहीत जसंच्या तसं लिहा. "आजचं आहे का?" "गोड निघेल ना?" "किती दिवस टिकेल?" "हे करायचं कसं?" फिरून फिरून हेच चार-पाच प्रश्न येतात. ही यादी जपून ठेवा, पुढं पाटी लिहिताना लागेल.

शेवटचा अर्धा तास सर्वांत शिकवणारा. विक्रेता मालाकडे एक नजर टाकतो, काय घरी नेण्यासारखं आहे आणि काय नाही हे ठरवतो आणि न टिकणाऱ्याचा भाव तिथंच उतरवतो. त्यासाठी त्याला मुख्य कार्यालयाची परवानगी लागत नाही. तुमच्या भाजीविभागातल्या माणसाला लागते का?

मग स्वतःच्या मालाचं वय मोजा

आपल्या दुकानात परत या आणि दहा भाज्या-फळं निवडा. प्रत्येकाबाबत एकच गोष्ट शोधून काढा: तोडणीपासून रॅकवर येईपर्यंत किती तास गेले. पुरवठादार पॅकिंगची तारीख सांगेल, ती घेऊ नका. तोडणीची तारीख मागा. पहिल्यांदा बहुतेक ठिकाणाहून ती मिळणार नाही. कुणाकडून मिळाली आणि कुणाकडून नाही, तेही लिहून ठेवा.

वय कमी म्हणजे माल चांगला, असं सरसकट नसतं. सफरचंद ऑक्सिजन कमी केलेल्या थंड कोठारात महिनोन् महिने चांगलं राहतं. कांदा आणि बटाटा तर टिकण्यासाठीच वाळवून, मुरवून ठेवतात. या बाबतीत शेतकरी बाजाराशी स्पर्धा करण्याचं कारण नाही, तिथं सुपरमार्केटच वरचढ आहे. तासांचा फरक पडतो तो पालेभाज्या, मक्याची कोवळी कणसं, ओला वाटाणा, स्ट्रॉबेरीसारखी मऊ फळं आणि झाडावर पिकवलेले टोमॅटो यांत. मक्याच्या दाण्यातली साखर तोडल्याबरोबर कमी होऊ लागते. शून्य अंशांच्या तुलनेत १० अंश सेल्सिअसला हा वेग साधारण चौपट असतो. म्हणून कामाची सुरुवात या पाच-सहा वस्तूंपासूनच करा. बाकीचं सध्या जसं चाललंय तसं चालू द्या.

तीन शेतकरी, एक रॅक

साखळीतल्या सगळ्या दुकानांत एकदम योजना राबवायचा मोह होतो. टाळा. एक दुकान, एक रॅक, तीन शेतकरी. एकानं एका वस्तूचा माल दिला नाही तर दुसरा असावा, म्हणून तीन. त्याहून जास्त असले तर पहिल्या हंगामात कुणाशीच नीट बोलणं होत नाही.

करार मात्र शेतकऱ्याला परवडेल असा करा. लहान शेतकरी सुपरमार्केटला माल का देत नाहीत, असं विचारलं तर बहुतेक उत्तरं तीन गोष्टींवर येऊन थांबतात: पैसे उशिरा मिळतात, ऐन वेळी मागणी रद्द होते आणि आकारावरून माल परत येतो. बाजारात पैसे त्याच दिवशी हातात पडतात. तुम्हाला तेवढं जमणार नाही, पण आठवड्याचा हिशोब आठवड्यात चुकता करणं कुठल्याही लेखा विभागाला अशक्य नाही. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांपलीकडे थकवण्यावर बंदी घातली, आणि अगदी ऐन वेळी मागणी रद्द करण्यावरही. तीस दिवस ही कायद्यानं आखलेली शेवटची रेघ आहे. चांगल्या व्यवहारानं तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावं.

मागणी ठरवताना एकच आकडा धरू नका, पट्टा धरा. आठवड्याला कमीत कमी इतकं आम्ही घेणारच, जास्तीत जास्त इतकं घेऊ शकतो. किमान आकडा तुम्ही पाळायचा, तुमची विक्री पडली तरी. शेतात पीक तुमच्या अंदाजपत्रकाप्रमाणे येत नाही. एका आठवड्यात दुप्पट काकडी लागते, पुढच्या आठवड्यात निम्मी. बाजारात हा चढउतार भाव आणि गप्पा मिळून सांभाळतात. दुकानात तो पट्ट्यातच धरावा लागतो.

आता आकाराचा प्रश्न. युरोपात १९८८ च्या नियमानं सर्वांत वरच्या प्रतीच्या काकडीला दर १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नसे. त्याची भरपूर थट्टा झाली आणि २००९ मध्ये २६ फळं-भाज्यांचे असे खास नियम रद्दही झाले. पण दुकानांनी स्वतःच्या खरेदीच्या अटी तशाच ठेवल्या, कारण सरळ काकड्या पेटीत जास्त मावतात. तेव्हा अट दोन भागांत लिहा. कीड, कूज, चिरलेली साल, जून झालेला माल चालणार नाही. वाक, लहानमोठेपणा, सालीवरचा कोरडा डाग चालेल.

वाकड्या मालाचा वेगळा स्वस्त कोपरा करावा का? फ्रान्समधल्या एका मोठ्या साखळीनं २०१४ मध्ये तसा प्रयोग केला, भाव ३० टक्के कमी ठेवला आणि त्याची जगभर चर्चा झाली. जाहिरात म्हणून तो उत्तमच होता. पण मला तो मार्ग पूर्ण पटत नाही. वेगळा कोपरा केला की 'हा माल कमअस्सल' ही समजूत आपणच पक्की करतो. बाजारात सगळे आकार एकाच ढिगात असतात आणि प्रत्येक जण आपल्या कामापुरतं निवडतो. भरायला मोठं हवं, मुलाच्या डब्याला लहान हवं. ढीग एकच ठेवा.

थंडी: इथं सर्वांत जास्त चुकतं

तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वास घेते आणि साठवलेलं अन्न जाळत राहते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणून दुपारच्या उन्हात तोडलेली पालेभाजी थेट बंद गाडीत भरली, तर शेतातली उष्णता तिच्यासोबतच प्रवास करते. पेटीच्या मधोमध ती उष्णता तासन् तास अडकून राहते.

शेतकरी बाजाराची युक्ती साधी असते: पहाटे तोडायचं, दुपारच्या आत विकायचं. तिथला विक्रेता माल थंड करत नाही, तापूच देत नाही. तुमच्या शेतकऱ्यांशीही पहिली अट हीच ठरवा. तोडणी सकाळी लवकर, माल लगेच सावलीत, आणि पालेभाजी असेल तर स्वच्छ गार पाण्यातून काढून निथळवलेली. त्यानंतर तुमची गाडी. शेतात सावलीसाठी छप्पर आणि पिण्यालायक पाण्याची टाकी नसेल, तर तिथं थोडा खर्च तुम्ही करा. दुकानातल्या सजावटीपेक्षा तो पैसा लवकर वसूल होतो.

दुकानात आल्यावर मात्र सगळ्याला एकच थंडी देऊ नका. पालेभाज्या, ब्रोकोली, गाजर, कणसं यांना शून्याच्या जवळपासची थंडी आणि भरपूर ओलावा हवा. पालेभाजीच्या वजनातलं तीन ते पाच टक्के पाणी गेलं तरी ती मलूल दिसते. काकडी आणि वांग्याला १० ते १२ अंश पुरेत. त्याखाली त्यांच्या सालीवर पाणचट खड्डे पडतात. केळ्याला १३-१४ अंशांखाली नेलं की साल राखाडी होते. तुळशीच्या वर्गातली कोवळी सुगंधी पानंही थंडीनं काळी पडतात.

टोमॅटोची गोष्ट तर वेगळी सांगायला हवी. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पिकलेले टोमॅटो आठवडाभर ५ अंशांत ठेवून पाहिले. थंडीनं सुगंधी द्रव्यं तयार करणारी यंत्रणा मंदावली आणि टोमॅटो बाहेर काढल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. साखर आणि आंबटपणा टिकला, वास गेला. 'बाजारातल्या टोमॅटोला चव असते' असं लोक म्हणतात तेव्हा त्यामागे निव्वळ आठवणींचा गोडवा नसतो. पिकलेला टोमॅटो थंड रॅकमधून बाहेर काढा आणि दोन दिवसांत विकला जाईल एवढाच मागवा.

शेजारही बघावा लागतो. सफरचंद, पिकलेली केळी, पिकलेले टोमॅटो इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतात. त्यांच्याशेजारी ठेवलेली पालेभाजी पिवळी पडते, ब्रोकोलीची फुलं पिवळी होतात, गाजर कडवट होतं. बटाटा उजेडात ठेवला की हिरवा होतो आणि त्यात विषारी द्रव्य वाढतं. दिव्यांच्या झोताखाली लावलेला बटाट्याचा सुंदर डोंगर फक्त दिसायला बरा.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल एक इशारा. रॅकवर धुकं सोडणारी यंत्रं ताजेपणाचा देखावा करतात आणि ओलावाही देतात, पण त्यांची टाकी साफ करणं कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं हवं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात लीजनेअर्स रोगाची (जिवाणूंमुळे होणाऱ्या एका न्यूमोनियाची) साथ एका किराणा दुकानातल्या अशाच यंत्रापर्यंत जाऊन पोचली होती. रोज पाणी बदलणं, नियमित साफसफाई आणि सहीची वही जमणार नसेल, तर यंत्र बंद ठेवा आणि माल कमी मांडा.

कमी मांडा, पुन्हा पुन्हा मांडा

रॅक ओसंडून वाहिलं पाहिजे हा सुपरमार्केटचा जुना नियम. ढिगाच्या तळाचा माल त्याचं मोल चुकवतो. बाजारात टेबल भरलेलं दिसतं, पण ढीग उथळ असतो आणि मागच्या टोपलीतून सतत भरला जातो. उथळ ट्रे वापरा, दिवसातून चार-पाचदा भरा आणि जुना माल वर काढून नवा खाली घाला. वेळ जातो. पण त्यामुळेच दिवसभर कुणीतरी रॅकपाशी उभं असतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

प्रकार किती ठेवावेत यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ जॅम मांडल्यावर थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी जॅम घेतला, ६ मांडल्यावर ३० टक्क्यांनी. त्यावरून 'कमी म्हणजे जास्त विक्री' असा नियम करू नका. २०१० मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. प्रकार कमी ठेवायचं आपलं कारण वेगळं: हंगामात नसलेली वस्तू या रॅकवर नसावी.

सुटा माल सुटाच विका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घरांत, तर दुकानांत बारा टक्के. हे वाचून दुकानदारानं हात झटकू नयेत. ग्राहकाला तीनाच्या जागी सहाचं पाकीट घ्यायला लावलं की उरलेली तीन त्याच्या घरी कुजतात आणि आकडा त्याच्या खात्यात जातो. बाजारात एकच गाजर मागितलं तरी मिळतं.

पाटीवर काय लिहायचं

बाजारात लिहून आणलेली प्रश्नांची यादी आता काढा. पाटीवर त्यांचीच उत्तरं हवीत: कधी तोडलं, कुठल्या शेतातून आलं (शेतकऱ्याची संमती घेऊनच), जात कोणती, चव कशी, किती दिवसांत खावं, घरी कुठं ठेवावं. 'ताजं', 'अस्सल', 'निवडक' हे शब्द काढून टाका, त्यांनी काहीच कळत नाही. 'मंगळवारी पहाटे तोडलं, शुक्रवारपर्यंत संपवा, फ्रिजबाहेर ठेवा' यानं सगळं कळतं.

'स्थानिक' हा शब्द वापरणार असाल तर किती अंतर, ते तिथंच लिहा. न्यू यॉर्कमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या 'ग्रीनमार्केट' या शेतकरी बाजारांच्या जाळ्यानं ज्यानं पिकवलं त्यानंच विकावं असा नियम केला आणि तो पाळला जातो का हे बघायला माणसं शेतावर जातात. तुम्हीही हंगामात एकदा तरी न सांगता शेतावर जा. तिथं उभं नसलेलं पीक तुमच्या रॅकवर असेल, तर पाटी खोटी आहे. आणि 'जवळचं म्हणून पर्यावरणाला चांगलं' असा दावा करू नका. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांच्या २००८ च्या अमेरिकेवरच्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा साधारण ११ टक्के निघाला, बहुतेक भार शेतात पिकवतानाच पडतो. जवळचं असल्यानं ते ताजं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि तो माणूस

इथवर आलात की सर्वांत महाग पायरी येते. रॅकपाशी एक माणूस, हातात सुरी, समोर चवीची बशी. हात धुवायची सोय, झाकण आणि चिमटे ओघानं आलेच. त्याला तीन अधिकार द्या: फळ कापून चव द्यायचा, बिघडलेली वस्तू पावती न मागता बदलून द्यायचा, आणि संध्याकाळी ठरवलेल्या मर्यादेत भाव उतरवायचा. अधिकार नसलेला माणूस नुसता गणवेशातली पाटी ठरतो.

त्याला दर हंगामात दोनदा शेतावर पाठवा आणि आलेला माल रोज सकाळी त्यानं खाऊन पाहावा असा नियम करा. 'आज खरबूज फिकं आहे, उद्या घ्या' असं जो सांगतो, त्याचं 'आज घ्या' लोक ऐकतात. त्या दिवशीची विक्री जाईल, वरिष्ठ विचारतील. त्यांना हा मुद्दा आधीच समजावून ठेवा. शेतकऱ्यांनाही महिन्यातून एक दिवस रॅकपाशी उभं राहायला बोलवा, मात्र त्या दिवसाचे पैसे देऊन. नुसत्या फोटोसाठी बोलावलेलं त्यांना लगेच कळतं.

बोलण्याला किंमत असते हे सुपरमार्केटांनाही उमगतंय. नेदरलँड्समधल्या 'जम्बो' या साखळीनं २०१९ मध्ये घाई नसलेल्यांसाठी गप्पांचं बिल काउंटर सुरू केलं, मुख्यतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा विचार करून. पुढं ते अनेक दुकानांत गेलं.

दुकान बंद होताना

रोज एक ठरलेली वेळ असावी, बंद व्हायच्या दोन तास आधी म्हणू या. तेव्हा रॅकवरचा माल तीन वाटांनी जातो: उद्या चालेल तो थंडीत, आज खायलाच हवा तो उतरलेल्या भावात, आणि विकण्यासारखा नाही पण खाण्यासारखा आहे तो अन्नदान करणाऱ्या संस्थेकडे. फ्रान्सनं २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना अशा संस्थांशी करार करणं बंधनकारक केलं. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, गाडी कोणाची आणि किती वाजता येणार हे आधी पक्कं करा, नाहीतर पेट्या मागच्या दारापाशीच सडतात.

वहीत रोज चार आकडे: आलेलं वजन, पूर्ण भावात गेलेलं, उतरलेल्या भावात गेलेलं, फेकलेलं. समजा ४० किलो आलं, ३१ किलो पूर्ण भावात गेलं, ५ किलो कमी भावात, ४ किलो कचऱ्यात. तीन आठवडे हेच होत राहिलं तर मागणी ३५-३६ किलोवर आणा, मात्र शेतकऱ्याला दिलेल्या किमान शब्दाच्या खाली जाऊ नका. तसं करावं लागत असेल तर किमान आकडा मुळातच चुकला होता, तो पुढच्या हंगामात बदला. निकाल बारा आठवड्यांच्या आधी काढू नका. पहिला महिना हात बसण्यातच जातो आणि नासाडी आधी वाढलेलीच दिसते.

कधी ना कधी माल येणारच नाही. रात्रभर पाऊस झाला, तोडणी झाली नाही आणि सकाळी रॅक रिकामं आहे. खरेदी विभाग म्हणेल, गोदामातून दुसरा माल आणून भरा. भरू नका. रिकाम्या ट्रेत पाटी ठेवा: 'काल रात्रीच्या पावसामुळे आज पालक तोडता आला नाही. गुरुवारी येईल. साठवणीतला पालक पलीकडच्या रॅकवर आहे.' आणि गुरुवारी सकाळी त्या माणसाला जरा लवकर बोलवा. पालक आला का, हे विचारायला लोक येतील.